सव्वीस इंचांचा ओटा

देसलेबाईंनी इंद्रजीत उबाळेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो त्यांच्या चौथीच्या वर्गात एका बाकाखाली उताणा पडला होता. १९९६ सालची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. टोकावड्याच्या शाळेला तालुक्याहून नवी बाकं आली होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या फळ्या हलत होत्या. त्या घट्ट करायला हेडमास्तरांनी हा चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण बोलावला होता.

बाई वर्गात शिरल्या तर समोरच्या दोन ओळींत मुलं बसलेली आणि खालून आवाज येतोय, "पाय हलवू नको रे. सरळ सोड. टाच कुठं येते बघू दे." फळ्या घट्ट करायच्या सोडून तो मुलांच्या टाचेपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजत होता. बाकं सातवीच्या मापाची होती. चौथीतल्या मुलांचे पाय दिवसभर लोंबकळत राहायचे. बाईंनी ते रोज पाहिलं होतं. मुलं चुळबुळ करतात म्हणून त्यांना रागावल्याही होत्या. पाय टेकत नाहीत म्हणून ती चुळबुळ करतात, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्याने पुढच्या दोन ओळींच्या बाकांचे पाय करवतीने अडीच अडीच इंच कापून टाकले. कोणाला विचारलं नाही.

हेडमास्तर धावत आले. "अरे, सरकारी बाकं कापलीस? नंबर टाकलेत त्यांच्यावर!"

"नंबर वरच्या फळीवर हाये सर. तो नाय कापला."

"सुताराचा मुलगा का तू? कुठल्या सुताराचा?"

"नाय सर, उबाळे. चंद्राबाईचा मुलगा. आयटीआय केलंय मुरबाडला."

देसलेबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "सर, जरा मुलांकडे बघा." मुलं पाय टेकून बसली होती आणि वर्ग शांत होता. हेडमास्तरांनी कापलेले तुकडे मोजले, खोलीत नेऊन कपाटावर ठेवले आणि विषय संपवला. ते तुकडे पुढे बरीच वर्षं दाराला पाचर म्हणून वापरात होते.

इंद्रजीत दोन वर्षांचा असताना त्याचे वडील महादू वारले. आई चंद्राबाईने त्याला भाकरीवर वाढवलं, हे अगदी शब्दशः खरं आहे. माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावड्यात धाबे आहेत. त्यातल्या रघूच्या धाब्यावर तांदळाची भाकरी चंद्राबाईच्या हातची असायची. आधी रघूच्या वडिलांच्या वेळी आणि मग रघूच्या. रोज सकाळी साठ, सुट्टीच्या दिवशी ऐंशी. घाटात फिरायला जाणारी माणसं परतताना थांबून विचारायची, "सकाळचीच भाकरी आहे ना?"

तांदळाच्या भाकरीचं सगळं कसब उकडीत असतं. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकायचं आणि मग ते परातीत घेऊन, गरम असतानाच, तळहाताच्या टाचेने मळायचं. नुसत्या बोटांनी ते होत नाही. खांद्यापासूनचा भार मनगटावर यावा लागतो. मळणी कमी पडली की थापताना कडा चिरतात. चंद्राबाई जमिनीवर परात घेऊन, एक गुडघा उभा करून बसायची आणि वरून अख्खी वाकून मळायची. चार फूट सात इंचाची बाई, पण उकडीवर ओणवी झाली की अंगात दुप्पट जोर यायचा. तिच्या भाकरीची कड कधी चिरली नाही.

१९९८ साली इंद्रजीत मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागला. तिथे मुंबईच्या कार्यालयांची टेबलं, कपाटं बनायची आणि काही माल परदेशातही जायचा. सगळं काम आराखड्यावर. कागदावर जे माप लिहिलंय तेच कापायचं, एक सूतही इकडे-तिकडे नाही. इंद्रजीतचा हात साफ होता. पाच वर्षांत तो जुळणी खात्याचा मुख्य झाला. पौर्णिमाशी लग्न झालं, मनस्वी झाली, घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला. चंद्राबाईची पहाटेची उकड तेवढी तशीच राहिली.

२००३ च्या दसऱ्यानंतर मात्र तिचे गुडघे गेले. साठ भाकऱ्या होईपर्यंत ती खाली बसायची ती उठताना दाराची चौकट धरून, दात आवळून उठायची. मुरबाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "खाली बसणं बंद. आजपासून."

"मग भाकरी?" चंद्राबाईने विचारलं.

"उभ्याने करा. नाहीतर सून करील."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. सरळगाव गेल्यावर म्हणाली, "पौर्णिमाला जमंल भाकरी. पन रघूच्या धाब्यावर माझी भाकरी लागते. ती सुटली ना इंद्या, तर मग मी घरात काय, नुसती बसून राहायची?"

"नाय सुटायची आये," इंद्रजीत म्हणाला. "मी तुला उभ्याचा ओटा करून देतो. असा करतो की मुंबईत नसंल."

पण ओट्याला हात लावायच्या आधीच कारखान्याच्या शेठने त्याला केबिनमध्ये बोलावलं. जानेवारीत जर्मनीत फर्निचरचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होतं. शेठने त्यात छोटा गाळा घेतला होता. माल सुटा करून पेट्यांतून जाणार होता आणि तिथे पोचल्यावर तो पुन्हा जोडायला भरवशाचा माणूस हवा होता.

टोकावड्यात ही बातमी रघूच्या धाब्यावरून सगळीकडे गेली. शेजारची बाईजा चंद्राबाईला म्हणाली, "चंद्राबाय, तुझा लेक विमानात बसून खिळं ठोकायला चाललाय म्हनं. हितली लाकडं संपली काय गो?"

"खिळं नाय, स्क्रू," चंद्राबाई म्हणाली. तिला अभिमान वाटत होता, पण बाईजासमोर तो दाखवायचा नव्हता.

देसलेबाई त्या वेळी निवृत्त झाल्या होत्या आणि शाळेमागेच राहत होत्या. त्यांनी आपल्या मुलाचा जाड स्वेटर आणि एक शंभर पानी वही इंद्रजीतला दिली. "जे बघशील ते लिहून आण," त्या म्हणाल्या. शेठनेही तेच सांगितलं होतं, फक्त थोडक्यात: "रंग बघ, हँडल बघ, पाय बघ. बाकीचं आपल्या कामाचं नाही."

जर्मनीत पोचल्यावर दोन दिवसांत गाळा उभा राहिला. त्यानंतर पाच दिवस इंद्रजीतला काम नव्हतं. तो वही घेऊन दालनं हिंडला. एकेका दालनात मुरबाडचा अख्खा बाजार मावला असता. ती वही देसलेबाईंनी नंतर वाचली. त्याचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, पण माणूस काय बघतो ते त्यातून कळत होतं.

त्याने लिहिलं होतं: टेबलांचे पाय बारीक, चौकोनी, काही स्टीलचे. नक्षी कुठेच नाही. सोफे बुटके, बसलं की गुडघे हनुवटीला येतात, तरी लोक वाहवा करतात. रंग दोनच, एक दुधासारखा पांढरा आणि दुसरा करपलेल्या भाकरीसारखा. लोक टेबल आधी वरून बघत नाहीत, खाली वाकून हात फिरवतात. आणि मग स्वयंपाकघराची चार पानं. कपाटांना कडी नाही, मूठ नाही. बोटाने दाबलं की दार उघडतं. ड्रॉवर जोरात ढकलला तरी आपटत नाही, शेवटच्या चार बोटांवर येऊन थबकतो आणि हळूच मिटतो. शेगडी काचेखाली लपवली आहे. कचऱ्याचा डबा लपवला आहे. भांडं एकसुद्धा बाहेर दिसत नाही. या पानाच्या तळाशी त्याने लिहिलं होतं, "या वर्षी सगळ्यांचं लपवायचं चाललंय."

चौथ्या दिवशी तो शेवटच्या दालनाच्या कोपऱ्यात पोचला. तिथे गर्दी नव्हती. एका छोट्या गाळ्यात पांढऱ्या केसांची एक बाई पीठ मळत होती. तिच्यासमोरचा ओटा सलग नव्हता, मध्येच एक टप्पा खाली उतरला होता आणि त्या खालच्या टप्प्यावर ती मळत होती. इंद्रजीत थांबून बघत राहिला. बाईने हसून त्याला जवळ बोलावलं, त्याचा हात कोपरात वाकवला, जमिनीपासून कोपरापर्यंत पट्टी लावली आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर १०४ असा आकडा लिहून ती त्याच्या हातात दिली. तिची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची तिला. हा काहीतरी खेळ असावा असं वाटून तो मान लववून निघाला. चिठ्ठी वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवली. रंग, हँडल, पाय यांत ती बसत नव्हती.

परत येताना त्याच्या पिशवीत मनस्वीसाठी चॉकलेटं होती आणि एका गाळेवाल्याने नमुना म्हणून दिलेली, ड्रॉवर हळू मिटवणाऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती. ती त्याने विमानात पायाशी न ठेवता मांडीवर ठेवली होती.

मग त्याने आईचा ओटा केला. फेब्रुवारीचे चार रविवार आणि रोज संध्याकाळचे दोन तास. कारखान्यात उरलेलं प्लायवूड शेठने दिलं. त्यावर पांढरा चकचकीत सनमायका, वर काळा ग्रॅनाइट, कुठे कडी नाही की मूठ नाही. भिंतीवरची मांडणी त्याने काढली. चंद्राबाईचे पितळी डबे, तांब्याची कळशी, स्टीलची ताटं, जी ती दर सणाला चिंचेने आणि राखेने घासून उन्हात वाळवून मांडायची, ती सगळी दारांआड गेली. सर्वांत खालचा ड्रॉवर जर्मनीच्या पट्ट्यांवर बसवला. उंची चौतीस इंच. कारखान्यात स्वयंपाकघराच्या ओट्याचा आराखडा चौतीस इंचांचाच असे, त्यामुळे त्याने माप घ्यायला पट्टी उचलली नाही.

सगळी आळी बघायला आली. रघूने तो ड्रॉवर दहा वेळा ढकलून पाहिला. "आयला, लाजतो बघ कसा," तो म्हणाला. देसलेबाईही आल्या. सगळं छान झालं होतं, तसं त्या म्हणाल्या. एकच गोष्ट त्यांच्या मनात राहिली. चंद्राबाई ओट्यापाशी उभी होती आणि ओट्याची कड तिच्या जवळजवळ कोपराला लागत होती. पण पोराचा चेहरा इतका उजळला होता की बाई बोलल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतःच ही आपली चूक म्हणून सांगितली.

"भांडी कुठं गेली माझी?" चंद्राबाईने विचारलं.

"आत हायेत आये. आता बाहेर नाय ठेवत कोनी."

"कोन कोनी?"

"सगळीकडं. जर्मनीत."

चंद्राबाईने मान हलवली. ती भांडी कोंडल्यासारखी तिला वाटली.

पहिल्या सकाळी ती ओट्यापाशी उभी राहिली. परातीची कड पोटाच्या वर आली. हात वर उचलून मळायचं तर जोर नुसता बोटांत राहायचा. तिने पाट घेतला, पाटावर उभी राहिली. मळायला पाटावर चढायचं, पीठ घ्यायला उतरायचं, शेगडी आणखी उंच म्हणून तव्याची वाफ तोंडावर घ्यायची. साठातल्या वीस भाकऱ्यांच्या कडा चिरल्या. दुपारी रघू स्वतः आला. डबा ओट्यावर ठेवत ओशाळून म्हणाला, "काकी, आज काय झालं गो? गिऱ्हाईक म्हनतं, भाकरी बदलली का."

तिने डबा घेतला आणि म्हणाली, "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशीपासून भाकरी पुन्हा पूर्वीसारखी झाली. इंद्रजीतला वाटलं, आईचा हात ओट्यावर बसला. कारखान्याची पहिली पाळी असल्यामुळे तो पहाटेच घर सोडायचा. संध्याकाळी ओटा आरशासारखा दिसायचा. पौर्णिमाला त्याने एकदा विचारलंही, "इतका कसा गो साफ राहतो?" तिने नजर चुकवली आणि म्हणाली, "पुसते ना मी."

एका रविवारी तो बाईजाच्या दाराची कडी बसवून देत होता. बाईजा उंबऱ्यात बसून बघत होती.

"इंद्या, तुझा ओटा लई चकचकीत रे."

"मग?"

"चकचकीतच राहनार. देवळातल्या पायरीला तरी कोनी पाय लावतं. तुझ्या ओट्याला हात कोन लावतंय?"

"म्हंजे?"

"म्हंजे सकाळी एकदा घरी राहून बघ," बाईजा म्हणाली, आणि कोंबड्यांना हाकलायला उठली.

सोमवारी तो एसटी स्टँडवरूनच परत फिरला. मागच्या दाराने आत आला. चंद्राबाई ओट्याच्या पायथ्याशी, जमिनीवर, एक गुडघा उभा करून बसली होती आणि परातीवर ओणवी होऊन मळत होती. मागच्या पडवीत जुनी चूल पेटली होती. पौर्णिमा तिथे बसून एकेक भाकरी भाजत होती. त्याला पाहून दोघी थांबल्या. चंद्राबाईने उठायचा प्रयत्न केला. एक हात जमिनीवर, दुसरा ओट्याच्या दाराकडे गेला. त्या दाराला धरायला मूठ नव्हती. हात गुळगुळीत सनमायक्यावरून घसरला आणि ती धपकन बसली.

तो धावला. त्याने तिला काखेत हात घालून उठवलं.

"आये, डॉक्टरनी काय सांगितलंय तुला?"

"तुझ्या ओट्यावर भाकरी होत नाय रे," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "ओटा चांगलाय. माझीच उंची पुरत नाय."

"मग सांगायचं नाय?"

"काय सांगू? जर्मनीवरून आनलास एवढ्या हौसेनं."

"मी सांगत होते," पौर्णिमा पडवीतून म्हणाली, "पण आईंनी शपथ घातली."

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारी त्याने वही काढली. पहिल्या पानापासून बघत गेला. रंग, हँडल, पाय, ड्रॉवर. आणि शेवटच्या पानावर ती पिवळी चिठ्ठी. तो उठला, भिंतीला टेकून उभा राहिला, कोपर वाकवलं आणि पौर्णिमाला पट्टी लावायला सांगितली. एकशे चार सेंटिमीटर. जर्मन बाईने त्याच्याशी खेळ केला नव्हता, तिने त्याचं माप घेतलं होतं. एक टप्पा खाली उतरलेला तिचा ओटा त्याला आता नीट आठवला.

तो देसलेबाईंकडे गेला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "बाई, बाकाखाली पडून पोरांच्या टाचा मोजल्या मी. आणि आईचं कोपर नाय मोजलं."

"मग आता मोज," बाई म्हणाल्या. "आणि नुसतं कोपर मोजून थांबू नको. तिला मळायला लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात एक जाड फळी घेतली. फळीखाली कधी रंगाचे रिकामे डबे, कधी विटा, कधी पाट रचत गेला. प्रत्येक उंचीवर चंद्राबाईने खरी उकड मळली.

"तीस?"

"नाय. खांदा वर जातोय."

"अठ्ठावीस?"

"बरं हाय. पन जोर नाय येत."

त्याने दोन विटा काढल्या. चंद्राबाईने परात पुढे ओढली, तळहाताची टाच उकडीत रोवली आणि वाकली. दोनदा, तीनदा. मग तिने वर न बघताच म्हटलं, "हां. आता हात बसला."

बाईजा कुंपणापलीकडून ओरडली, "चंद्राबाय, आता विटा हलवू नको गो, नायतर परत जर्मनीला जाईल तो!"

सव्वीस इंच. परात सोडून, नुसत्या फळीची उंची.

रविवारी रघूने धाब्यावरची तिघं माणसं आणली. ग्रॅनाइट उचलून भिंतीला लावला. इंद्रजीतने कपाटांवर सगळीकडून पेन्सिलने रेघ मारली आणि खालून आठ इंच कापायला बसला. पांढऱ्या सनमायक्याचा भुसा अंगणभर झाला. खालचा ड्रॉवर त्या आठ इंचांतच होता. रघू म्हणाला, "तो लाजरा तरी ठेव रे." पण जागा नव्हती. इंद्रजीतने पट्ट्या काढून कागदात गुंडाळल्या आणि माळ्यावर ठेवल्या. मग समोरच्या प्रत्येक दाराला त्याने साध्या लोखंडी मुठी बसवल्या, हाताला येतील अशा, धरून उभं राहता येईल इतक्या मजबूत. शेवटी मांडणी पुन्हा भिंतीवर गेली. चंद्राबाईने पितळी डबे स्वतः पुसून लावले. कोणता डबा कुठे, हे तिने कोणालाच सांगू दिलं नाही.

सोमवारी रघूकडे साठ भाकऱ्या गेल्या. कड एकीचीही चिरली नव्हती. रघूने निरोप पाठवला की गिऱ्हाईक काही म्हणालं नाही.

या ओट्याचा त्रास मात्र पौर्णिमाला झाला. ती पाच फूट चार इंच. सव्वीस इंचांवर भाजी चिरताना तिची कंबर दुखायला लागली. दोन महिन्यांनी एका रात्री जेवताना तिने ते सांगितलं. इंद्रजीतने या वेळी आधी पट्टी काढली. ओटा डावीकडे वाढवला आणि तो भाग एक टप्पा वर चढवला. तसा तो शेवटी जर्मन बाईच्या ओट्यासारखाच झाला, फक्त उलट्या बाजूने.

बाईजालाही ओटा हवा झाला. मग वैशाखरे गावातल्या तिच्या बहिणीला, मग रघूच्या बायकोला. इंद्रजीत कोणाच्याही घरी गेला की आधी बाईला परात घेऊन उकड मळायला लावतो. काही बायका लाजतात, काही हसतात, एकीने तर नवऱ्यालाच पुढे केलं. माप जमलं की तो त्याच्या पडवीतल्या दाराच्या मागे पेन्सिलने आडवी रेघ मारतो आणि बाजूला नाव लिहितो. त्या दारावर आता चाळीसच्या वर रेघा आहेत. सर्वांत खालची चंद्राबाईची. शेठला हे कळल्यावर त्याने विचारलं, "याचा एक आराखडा करून देतोस का? कंपनीतून काढू." इंद्रजीत म्हणाला, "शेठ, याचा एक आराखडा होत नाय."

चंद्राबाईने २००८ साली धाब्याची भाकरी सोडली. गुडघ्यांमुळे नव्हे. रघूने मुलीच्या लग्नानंतर धाबा बंद केला. आता ती घरापुरत्या करते, दिवसाला बारा-पंधरा, आणि देसलेबाईंकडे आठवड्यातून एकदा चार पाठवते.

इंद्रजीत अजून मुरबाडच्या त्याच कारखान्यात जुळणी खात्यात आहे. रविवारी तो ओटे करतो. त्याच्या घरचा ओटा उजवीकडे सव्वीस इंच आहे आणि डावीकडे एकतीस.